लोखंड आहे, पण चुंबक लागत नाही

बरकत येते म्हणून सध्या पुण्याच्या बाजारात आणि मोबाईलवर पायराइटच्या सोनेरी मण्यांची ब्रेसलेट विकली जात आहेत. घरात कुणी घेतलेच असेल तर फ्रिजवरचा लोहचुंबक त्याला लावून पाहा. चिकटणार नाही. या दगडात वजनाने सुमारे 46 टक्के लोखंड असते, बाकीचे गंधक. मग चुंबक ओढत का नाही?

लोखंडाच्या अणूतले इलेक्ट्रॉन म्हणजे बारीक चुंबकच समजा. पायराइटमध्ये प्रत्येक लोह अणूभोवती गंधकाचे सहा अणू असतात. त्यांच्या दाटीत हे इलेक्ट्रॉन जोड्या जोड्यांनी उलटसुलट बसतात आणि एकमेकांचा जोर मारतात. चुंबकत्व उरतच नाही.

लोखंड-गंधकाचे ट्रॉइलाइट उल्कांमध्ये सापडते. 22 मे 2012 रोजी नागपूरजवळच्या काटोल परिसरात उल्का पडल्या. त्या प्रकारच्या दगडांत ते असते. त्यात लोह अणू चुंबकच असतात, पण एका थराचे तोंड इकडे, तर पुढच्याचे तिकडे. बरोबरी होते. पायरोटाइटमध्ये मात्र लोखंडाच्या दर आठ जागांपैकी एक रिकामी असते, आणि या रिकाम्या जागा एकाच बाजूच्या थरांत असतात. दुसरी बाजू जिंकते, दगड चुंबकाला ओढला जातो. सुमारे 320 अंश सेल्सियसला तापवला की तो गुण जातो. (मुळा-मुठेच्या वाळूतून चुंबकाला चिकटणारे काळे कण वेगळे, त्यात गंधक नसून ऑक्सिजन असतो.)

अल-राझी यांनी खनिजांची वर्गवारी करताना मरकशीसा दगडांच्या गटात मांडला होता, तोच हा. आजच्या शास्त्रज्ञांना त्यात वेगळेच मोल दिसते. पायराइट अर्धवाहक आहे आणि ऊन इतके शोषतो की मायक्रॉनहून पातळ थरही पुरतो. सिलिकॉन त्याच्या शंभरपट जाड लागतो. शिवाय लोखंड आणि गंधक स्वस्त. पण त्याच्या सौर घटातून व्होल्टेज फारच कमी मिळते, म्हणून छतावर अजून सिलिकॉनच आहे. 2020 मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात नुसत्या विजेच्या दाबाने पायराइटला चुंबक करून दाखवले; वीज काढली की पुन्हा साधा दगड.

विक्रेते हे मणी पाण्यात टाकून पाणी प्यायलाही सांगतात. ते करू नका. ओलाव्यात आणि हवेत पायराइटपासून गंधकाम्ल बनते, आणि या दगडात अनेकदा आर्सेनिकही असते.