कामावरून काढलं, केस चालू आहे. मग दुकानाचं भांडवल कुठून आणायचं?

मागच्या व्हिडिओनंतर वारंगा फाट्याहून एका भावाचा फोन आला. सहा वर्षं एका कारखान्यात काम केलं, एक दिवस गेटवरच सांगितलं की उद्यापासून येऊ नका. ना नोटीस, ना हिशोब. आता फाट्यावर खिचडी-भज्यांचं छोटं हॉटेल टाकायचंय. जागा मोक्याची आहे, नांदेडहून आलेली गाडी इथूनच हिंगोलीकडे नाहीतर उमरखेड-नागपूरकडे वळते. गिऱ्हाईक आहे, हात चांगला आहे. भांडवलाचं विचारलं तर म्हणाले, "सर, केसचे पैसे येणार आहेत ना. तोवर एक जण शेकडा पाचनं द्यायला तयार आहे."

इथंच मी त्यांना थांबवलं.

केसचे पैसे येतात, पण कधी आणि किती हे कुणीच सांगू शकत नाही. आपल्या मराठवाड्यातलंच उदाहरण घ्या. औरंगाबादच्या शिक्षिका दीपाली सुरवसे यांना संस्थेनं जून २००७ मध्ये काढलं. जून २००९ मध्ये शाळा न्यायाधिकरणानं ते बेकायदा ठरवलं आणि मधल्या काळाचा पूर्ण पगार द्यायला सांगितला. उच्च न्यायालयात पगाराचा तो भाग रद्द झाला. सर्वोच्च न्यायालयानं १२ ऑगस्ट २०१३ ला तो परत दिला. म्हणजे पूर्ण जिंकलेल्या केसलाही सहा वर्षं लागली! त्याच वर्षी भारत संचार निगमच्या भुरूमल या कामगाराच्या केसमध्ये सर्वोच्च न्यायालयानं कामावर परत घेण्याऐवजी एकरकमी ३ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. दोन्ही निकाल कामगाराच्या बाजूचे, पण हातात पडणारी रक्कम किती वेगळी बघा.

आता शेकडा पाच दर महिन्याचा हिशोब करा. १ लाखावर वर्षाचं व्याज ६० हजार, सहा वर्षांचं ३ लाख ६० हजार, आणि मुद्दल तसंच. हॉटेल चाललं तरी नफा सावकाराच्या घरी. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे. परवानाधारकालाही बिगरशेती, विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर घेता येत नाही. तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे होते.

काही जण म्हणतात, अमेरिकेत केसवर पैसे देणाऱ्या कंपन्या असतात, हरलात तर परत मागत नाहीत. असतात. पण आपल्याकडच्या कामगाराच्या छोट्या केसला तसं कुणी उभं राहत नाही, आणि "निकाल लागला की निम्मे माझे" असा सौदा वकिलाला करताच येत नाही, बार कौन्सिलच्या नियमात ते बसत नाही. असा कागद कुणी पुढं केला तर सही करू नका.

मग पैसा कुठून? आधी केसची वाट न बघता जे तुमचं आहे ते मागा. काढल्यापासून दोन कामाच्या दिवसांत राहिलेला पगार मिळायला हवा. पाच वर्षं भरली असतील तर ग्रॅच्युइटी. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १२,००० असेल तर १२,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ६ वर्षं, म्हणजे साधारण ४१,५०० रुपये, तेही ३० दिवसांत. पीएफ वेगळा. त्याचे नियम बदलत असतात, चालू नियम बघूनच आकडा धरा. हे पैसे घेतल्यानं केस बुडत नाही, फक्त पावतीवर "हक्क राखून स्वीकारले" असं लिहा. "माझा आता कोणताही दावा नाही" असं छापलेलं असेल, किंवा राजीनाम्याचा कागद मधेच सरकवला असेल, तर तिथं सही नको. सगळ्यात जास्त नुकसान या एका सहीनं होतं.

तारखा सांभाळा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली. पूर्वी अशा वादासाठी तीन वर्षं मिळायची, आता दोन. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथेची तक्रार करायची तर ९० दिवसच. तेव्हा ९० दिवस हीच शेवटची तारीख समजून चला. वकिलाच्या फीसाठी कर्ज काढू नका. औद्योगिक कामगाराला, तसंच महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना, उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. हिंगोलीच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००. हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

हॉटेलसाठी बँकेत जा, पण केस सांगून नाही, धंदा सांगून. मुद्राच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत विनातारण कर्ज मिळतं. गॅस, शेगडी, पातेली, दोन बाकडी, महिन्याचा तांदूळ-डाळ, एवढ्यात हातगाड्याएवढी सुरुवात होते. टाईल्स आणि बोर्ड नंतर.

त्या भावाचा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा होता. "हॉटेल टाकलं तर केस कमजोर होईल का?" सुरवसे निकालात कोर्टानं सांगितलंय की आपण दुसरीकडे कमावत नव्हतो हे आधी कामगारानं सांगायचं, मग ते खोटं असल्याचं मालकानं सिद्ध करायचं. म्हणजे धंद्याची कमाई मागच्या पगारातून वजा होऊ शकते, पण काढणं बेकायदा होतं हा मुद्दा तसाच राहतो. काही हुशार लोक हॉटेल बायकोच्या नावावर करतात आणि गल्ल्यावर स्वतः बसतात. समोरचा माणूस मोबाईलवर फोटो काढून कोर्टात देतो, मग शपथपत्रच खोटं ठरतं. वकिलाला खरं सांगा आणि रोजची वही ठेवा. विक्री किती, खर्च किती, हाती राहिले किती. पहिल्या वर्षी नफा थोडाच असतो, तो थोडाच होता हे दाखवायला ती वहीच कामी येते.

आणि हो, हॉटेल चाललं की तुम्ही दोन पोरं कामाला ठेवणार. २४० दिवस भरलेल्या माणसाला काम कमी झालं म्हणून काढताना एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि दर वर्षामागे १५ दिवसांचं वेतन द्यावं लागतं. हे कारखान्याला लागू आहे तसंच फाट्यावरच्या हॉटेललाही. हजेरीची वही पहिल्या दिवसापासून घाला.

त्या भावानं शेकडा पाचवाल्याला नाही सांगितलंय. ग्रॅच्युइटीचा अर्ज रजिस्टर पोस्टानं गेला, पोचपावती त्यांच्याकडे आहे. मुद्राच्या फाईलला आता फक्त जागेचा भाडेकरार जोडायचा राहिलाय.