घरच्या ध्वनिमुद्रणांतील पियानो

सायंकाळची वेळ असते. घरांतील मुलगी दोनतीन महिने खपून बसविलेलें एक गीत की-बोर्डवर वाजविते, थोरला भाऊ तें संगणकावर उतरवून घेतो, आणि जेवणें आटोपल्यावर सर्व मंडळी तें ऐकावयास बसतात. दोन मिनिटें होतात न होतात तोंच वडील म्हणतात, "हें पत्र्याचा डबा बडविल्यासारखें कां वाटतें?" मग घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, वाद्य हलकें आहे, महाग घ्यावें. दुसरा म्हणतो, वाद्य ठीक आहे, हातांतच रस नाहीं. मुलगी निमूटपणें की-बोर्डवर कापड पसरते. पहिल्या निकालानें पैसा जातो. दुसऱ्यानें त्याहून मोलाची गोष्ट, म्हणजे मुलीची उमेद, जाते. पुष्कळ वेळां हे दोन्ही निकाल चुकीचे असतात. दोष कोठें आहे हें समजण्यासाठीं पियानोचा स्वर उपजतो कसा, हें आधीं पाहिलें पाहिजे.

इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिरानें इ. स. १७०० च्या सुमारास हें वाद्य सिद्ध केलें. त्यापूर्वींच्या हार्प्सिकॉर्ड वाद्यांत तार खुडली जात असे. बोट हळू पडो वा जोरानें, नाद बहुतेक सारखाच. क्रिस्तोफोरीनें तारेवर हातोडी मारण्याची युक्ति काढली, आणि नादाचें लहानमोठेपण वाजविणाऱ्याच्या बोटाच्या स्वाधीन झालें. वाद्याचें नांवहि त्यावरूनच पडलें. इटालियन भाषेंत 'पियानो' म्हणजे हळू व 'फोर्ते' म्हणजे जोरानें. हातोडी जोरानें पडली म्हणजे नाद नुसता मोठा होत नाहीं, त्याची जातहि बदलते. तो अधिक लखलखीत होतो. हळू पडली तर तो गोल व मऊ निघतो.

आपल्याकडील पुष्कळ मुलांचा हात प्रथम पेटीवर बसतो. पेटींत पट्टी किती जोरानें दाबली याचा नादाशीं फारसा संबंध नाहीं. पट्टी हवेची वाट मोकळी करते. चढउतार ठरवितो तो भात्यावरचा हात. शिवाय पट्टी दाबून धरली व भाता चालू ठेवला म्हणजे स्वर टिकून राहतो. पियानोचा स्वर उमटतांक्षणींच ओसरूं लागतो. पेटीवर तयार झालेला हात पियानोवर आला, कीं तो सर्व स्वर एकाच वजनानें ठेवतो. आणि भाता नसल्यामुळें चढउतार कोठूनच येत नाहीं. निर्जीवपणाचें पहिलें कारण हें. यांत गुणाचा अभाव नाहीं, जुन्या संवयीचा प्रभाव आहे.

विजेच्या की-बोर्डांत तारा नसतात. चांगल्या वाद्यांत, किंवा संगणकावरील वाद्यसंग्रहांत, खऱ्या पियानोचा एकेक स्वर हळू, मध्यम, जोरदार अशा निरनिराळ्या प्रकारें मुद्रित करून ठेवलेला असतो. पट्टी किती वेगानें खालीं गेली हें यंत्र मोजतें, आणि १९८३ सालीं प्रचारांत आलेल्या 'मिडी' पद्धतीप्रमाणें त्या वेगास १ ते १२७ यांपैकीं एक आंकडा देतें. कोणता नमुना वाजावयाचा तें या आंकड्यावर ठरतें. सर्वच आंकडे १०० च्या आसपास पडले तर तोच तो एक नमुना वाजत राहतो, आणि बाकीचे असून नसल्यासारखे होतात.

संगणकाच्या पडद्यावर हे आंकडे उभ्या रेघांनीं दाखवितां येतात. रेघा कुंपणाच्या काठ्यांसारख्या एका उंचीच्या दिसल्या, कीं रोग सांपडला असें समजावें. वाद्याच्या सेटिंगमध्यें 'टच' बंद असेल तर तो चालू करावा. मग मुलीस डाव्या हाताची साथ हलकी ठेवावयास सांगावें. उजव्या हाताची चाल ८० ते ९० च्या घरांत व साथ ५० ते ६० च्या घरांत पडली, तर गीत मोकळें होऊं लागतें. अर्थात् हे आंकडे नियम नव्हेत, सुरुवातीचा अंदाज होय. प्रत्येक स्वर तालाच्या रेघेवर तंतोतंत नेऊन बसविण्याची सोय संगणकांत असते, ती सर्रास वापरूं नये. ज्या स्वस्त वाद्यांत बोटाचा वेग मोजण्याची सोयच नाहीं, तेथें मात्र महाग वाद्याचा पक्ष खरा.

दुसरी गोष्ट पायाची. पियानोचें उजवें पेडल तारांवर टेकलेल्या लोकरी गाद्या उचलून धरतें, त्यामुळें स्वर रेंगाळतात. स्वरसमूह बदलला, कीं नवा समूह उमटतांच पाय उचलून पुन्हा दाबावा. तसें न केल्यास मागचे सूर पुढच्यांत मिसळून चिखल होतो.

तिसरी गोष्ट विलंबाची. संगणक नादाच्या मोजण्या सामान्यतः दर सेकंदास ४४,१०० घेतो व त्या गठ्ठ्यागठ्ठ्यानें पुढें पाठवितो. या गठ्ठ्यास 'बफर' म्हणतात. तो ५१२ मोजण्यांचा असला तर एका गठ्ठ्यासच सुमारें १२ सहस्रांश सेकंद लागतात, १२८ चा असला तर सुमारें ३. संगणकांतून येणारा नाद ऐकत वाजविणाऱ्यास हा उशीर जाणवतो, आणि बोटें बिचकतात. वाजवितांना बफर लहान ठेवावा, नंतरच्या कामास मोठा करावा.

फोन वाद्याच्या स्पीकरपुढें धरून मुद्रण केल्यास लहान स्पीकरचा चिरका आवाज आणि पंख्याची घरघर दोन्ही आंत येतात. त्यापेक्षां तार जोडून नाद सरळ संगणकांत घ्यावा. सर्वांत मोठा स्वरहि कमाल मर्यादेच्या ६ ते १२ डेसिबल खालीं राहील असें पाहावें. मर्यादा ओलांडून फाटलेला नाद मागाहून नीटसा सांधत नाहीं.

गाण्याची साथ असेल तर आणखी एक पथ्य आहे. दर सेकंदास २०० ते ४०० कंपनांच्या पट्ट्यांत पियानो, गळा व बायाँ यांची गर्दी होते. तेथें पियानो २-३ डेसिबल उतरवावा. पण त्याआधीं डाव्या हाताचे स्वरच कमी करून पाहावे. दिवाणखान्याची गूंज आणणारा 'रिव्हर्ब' मिठाप्रमाणें घालावा. शेवटीं सर्व कांहीं फोनच्या एका स्पीकरवर ऐकावें; हेडफोनमध्यें ऐसपैस वाटणारा पियानो तेथें कधीं कधीं पोकळ होतो, कारण डाव्याउजव्या बाजूंच्या लहरी एकत्र आल्यावर परस्परांस खोडतात.

या उपायांपैकीं बहुतेकांस एक पैसाहि लागत नाहीं. म्हणून निकाल देण्यापूर्वीं दुसऱ्या दिवशीं त्याच गीताच्या चार ओळी मुलीकडून पुन्हा वाजवून घ्याव्या, आणि कालचें व आजचें मुद्रण लागोपाठ लावावें. प्रथम मत विचारावें तें मुलीलाच. आपल्याच हातांतून काय वेगळें निघालें, हें तिच्या कानास कळलें, तर वाद्य कोणतें घ्यावें हा वाद आणखी वर्षभर थांबला तरी चालेल.