अजिंक्य संघाला बोलावणे आले नाही

फुटबॉल म्हटले की आपल्याकडे कोल्हापूरचे शाहू स्टेडियम नाहीतर मुंबईचे कूपरेज डोळ्यांपुढे येते. अमेरिकेत याच नावाचा खेळ अगदी निराळा आहे. अंडाकृती चेंडू छातीशी धरून धावायचे आणि समोरच्या अकरा जणांनी धावणाऱ्याला जमिनीवर आडवे करायचे, असा तो धसमुसळा प्रकार. तिथे कॉलेजांचे सामनेही हजारो लोक तिकीट काढून पाहतात. मोसम संपला की निवडक संघांना नववर्षाच्या सुमारास ‘बाउल’ नावाच्या सामन्यांचे बोलावणे येते. त्यात मान असतो आणि कॉलेजच्या तिजोरीत चार पैसेही पडतात. एवढे ध्यानात ठेवले की १९५१ सालची ही हकीकत समजायला अडचण पडणार नाही.

युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को ही जेझुइट पाद्रींची संस्था. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज ज्या पंथाने काढले, तोच हा पंथ. संस्था लहान, पैशाची चणचण कायमची. तिच्या संघाचे नाव ‘डॉन्स’. प्रशिक्षक जो कुहारिच शिस्तीचे कडक होते. संघात दुसऱ्या महायुद्धात लढून आलेला जिनो मार्केटी होता, धिप्पाड बॉब सेंट क्लेअर होता. आणि दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते, ऑली मॅटसन आणि बर्ल टोलर. मॅटसनचा जन्म टेक्सासचा, टोलर टेनेसीतल्या मेम्फिसचा. दोघेही वर्णभेद पाळणाऱ्या दक्षिणेतून आलेले.

त्या मोसमात डॉन्सनी नऊ सामने खेळले आणि नऊही जिंकले. मॅटसनने चेंडू घेऊन १,५६६ यार्डांची मजल मारली. त्या वर्षी साऱ्या देशात कॉलेजच्या दुसऱ्या कोणत्याही खेळाडूला हे जमले नाही. न्यूयॉर्कला जाऊन फोर्डहॅमला ३२-२६ असे हरवले, तेव्हा तर त्याने दोनदा सुरुवातीचा चेंडू झेलून थेट दुसऱ्या टोकापर्यंत धाव घेतली. शेवटच्या सामन्यात लोयोलाला २०-२ असे नमवले. आता बोलावणे येणार, अशी सर्वांचीच खात्री होती.

पण मोठे बाउल सामने बहुतेक दक्षिणेत होत. तिथे शाळा, बस, हॉटेल, सगळीकडे काळ्या-गोऱ्यांच्या जागा वेगळ्या होत्या, आणि हे कायद्याने. संघातल्या खेळाडूंनी पुढे अनेकदा सांगितले आहे की त्यांच्यापर्यंत निरोप आला तो असा: मॅटसन आणि टोलर यांना घरी ठेवून येत असाल तर या. तुमचे प्रतिस्पर्धी कच्चे होते, असेही एक कारण त्या वेळी पुढे केले गेले. मायामीच्या ऑरेंज बाउलमध्ये खेळायला मिळाले ते जॉर्जिया टेक आणि बेलर यांना.

संघाने नकार दिला. हा नकार स्वस्त नव्हता. तीस-पस्तीस तरुण मुलांच्या आयुष्यातली ती सर्वांत मोठी संधी होती. शिवाय फुटबॉलच्या खर्चाने कॉलेज कर्जात रुतत चालले होते. बाउलचा पैसा आला असता तर कदाचित संघ तगला असता. तो आला नाही आणि मोसम संपताच कॉलेजने या दर्जाचे फुटबॉल बंद करून टाकले. सेंट क्लेअरसारख्यांचे एक वर्ष उरले होते, त्यांना दुसरे कॉलेज शोधावे लागले. आपल्या घरातही असे प्रसंग येतात. एकाला वगळले तर बाकीच्यांना आत घेऊ, असे कोणी सांगते आणि पुष्कळदा ते मुकाट्याने मान्यही होते. या मुलांनी ते मान्य केले नाही, तेव्हा त्यांच्या बाजूने ना कायदा होता ना वर्तमानपत्रांचा गाजावाजा.

मॅटसनने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरचे कांस्य आणि रिलेचे रौप्य पटकावले. पुढे तो, मार्केटी आणि सेंट क्लेअर असे एकाच कॉलेज संघातले तिघे जण व्यावसायिक फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेले. संघाच्या प्रसिद्धीचे काम पाहणारा पीट रोझेल हा तरुण तर पुढे त्या व्यावसायिक लीगचा प्रमुख झाला.

आम्हाला मात्र या सगळ्यांत टोलर जास्त जवळचा वाटतो. १९५२ मध्येच एका सामन्यात त्याचा गुडघा असा दुखावला की खेळाडू म्हणून सारे संपले. त्याने शिक्षकी पत्करली आणि सॅन फ्रान्सिस्कोत मुख्याध्यापक झाला. शाळा सांभाळून तो पंचगिरी शिकला. १९६५ साली व्यावसायिक लीगचा तो पहिला कृष्णवर्णीय पंच ठरला आणि पंचवीस मोसम मैदानात उभा राहिला. २००९ मध्ये तो वारला.

त्या कॉलेजात विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाला जेम्स फेलन या जुन्या राजकारण्याचे नाव होते. १९२० च्या निवडणुकीत ‘कॅलिफोर्निया गोरेच ठेवा’ ही त्याची घोषणा होती. विद्यार्थ्यांनी त्या नावाला हरकत घेतली. २०१७ मध्ये ते उतरवण्यात आले आणि तिथे बर्ल टोलरचे नाव लागले.