संपादनास नकार देणाऱ्या चित्रफिती : निदान आणि उपाय

क्षेत्रकार्याहून परतणाऱ्या संशोधकाच्या हाती एके काळी टिपणवह्या असत. पुढे ध्वनिफिती आल्या. आज त्याच्याजवळ मोबाइलमध्ये अथवा कॅमेऱ्याच्या कार्डावर साठविलेल्या चित्रफिती असतात. सामग्रीचे स्वरूप पालटले, त्याबरोबर तिच्या हानीचे प्रकारही पालटले. वही भिजली किंवा तिला कसर लागली तर ते डोळ्यांना दिसते. चित्रफितीचे तसे नाही. सिंधुदुर्गातील एखाद्या गावी रात्रभर चाललेला दशावताराचा प्रयोग मुद्रित करावा, आणि संपादनासाठी ती फाइल संगणकावर घेऊ जाता सॉफ्टवेअरने ती ग्राह्य नाही असे सांगून मोकळे व्हावे, हा अनुभव आता अपवादात्मक राहिलेला नाही. अशा वेळी विद्यार्थी बहुधा हाती लागेल त्या साधनाने फाइलीचे रूपांतर करतो. ते साधले की जागा मोकळी करण्यासाठी मूळ फाइल पुसून टाकतो. पहिल्या अडचणीने काहीच नष्ट झालेले नसते. या दुसऱ्या कृतीने मात्र जे जाते ते परत मिळत नाही.

न उघडणारी फाइल म्हणजे नष्ट झालेली फाइल नव्हे, आणि निदान झाल्याखेरीज उपाय करू नये, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे. त्याकरिता प्रथम फाइलीची घटना, नंतर निदानाचा क्रम आणि शेवटी रूपांतराविषयी संशोधकाने पाळावयाची शिस्त, असा विचार येथे केला आहे.

१. रुमाल आणि लिपी

चित्रफितीच्या नावाअखेर येणारी ‘एमपी४’, ‘एमओव्ही’, ‘एमकेव्ही’ ही अक्षरे आतील मजकुराचा प्रकार सांगतात, असा सार्वत्रिक समज आहे. तो बरोबर नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद रुमालांत बांधलेले आहेत, हे इतिहासाच्या अभ्यासकांस ठाऊक आहेच. रुमाल पाहून आतील कागद कोणत्या विषयाचा हे कदाचित कळेल. परंतु तो मोडीत आहे, बाळबोधीत आहे की फारसीत, हे रुमाल सोडल्यावाचून कळत नाही. चित्रफितीतही असेच दोन थर असतात. बाहेरील बांधणीस कंटेनर म्हणतात. चित्र, ध्वनी व त्यांच्या कालनोंदी एकत्र ठेवणे एवढेच तिचे काम. चित्र आणि ध्वनी ज्या पद्धतीने आकुंचित करून लिहिलेले असतात त्या पद्धतीस कोडेक म्हणतात. ती या कागदाची लिपी होय.

ॲपलच्या क्विकटाइम या १९९१ च्या प्रणालीतील फाइलीची रचना पुढे एमपी४ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाची बैठक ठरली, आणि एमपी४ चे आजचे प्रमाण २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी एच.२६४ हा कोडेक प्रमाणित झाला. त्याचा उत्तराधिकारी एच.२६५ अथवा एचईव्हीसी हा २०१३ मध्ये आला. एमपी४ च्या एकाच रुमालात यांपैकी कोणतीही लिपी असू शकते. यास्तव ‘काल एक एमपी४ उघडली, आज दुसरी का उघडत नाही?’ हा प्रश्नच मुळात सदोष आहे. नाव बदलून ‘एमकेव्ही’च्या जागी ‘एमपी४’ लिहिल्याने आतील काहीच बदलत नाही, हेही यावरून स्पष्ट व्हावे.

२. निदानाचा क्रम

पहिली पायरी प्रतीच्या पूर्णतेची. कार्डावरील फाइलीचा आकार आणि संगणकावरील प्रतीचा आकार बाइटपर्यंत जुळतो की नाही ते पाहावे. त्याहून निश्चित मार्ग म्हणजे दोन्ही प्रतींचा एसएचए-२५६ सारखा पडताळा-अंक काढणे. तो जुळला तर प्रत तंतोतंत आहे असे मानण्यास हरकत नाही. अर्धवट उतरलेली प्रत हे फाइल न उघडण्याचे सर्वांत साधे आणि सर्वाधिक दुर्लक्षित कारण होय. व्हॉट्सॲपवरून चित्रफीत म्हणून पाठविलेली फाइल तर मूळ फाइल नसतेच; वाटेत तिचे पुन्हा आकुंचन झालेले असते. ती दस्तऐवज म्हणून पाठविली तरच जशीच्या तशी पोहोचते.

दुसरी पायरी म्हणजे ती फाइल व्हीएलसी या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये लावून पाहणे. या सॉफ्टवेअरजवळ बहुतेक कोडेक वाचण्याची स्वतःची सामग्री असते. ते संगणकाच्या प्रणालीवर फारसे अवलंबून राहत नाही. तेथे फाइल आरंभापासून अखेरपर्यंत नीट चालली, तर दोष बहुधा फाइलीचा नसून संपादन-सॉफ्टवेअरला ती लिपी अवगत नाही, असा निष्कर्ष काढता येतो. तेथेही ती चालली नाही, तर फाइलीच्या घटनेतच काही उणे आहे. पुढील सर्व उपाय या एका विभागणीवर अवलंबून आहेत.

तिसरी पायरी, मीडियाइन्फो अथवा तत्सम साधनाने फाइलीचे अंतरंग वाचणे. कंटेनर, चित्राचा कोडेक, प्रत्येक रंगघटकाची खोली ८ बिट की १० बिट, फ्रेमांचा वेग स्थिर की बदलता, ध्वनीचा कोडेक आणि त्याचे नमुना-प्रमाण, एवढ्या सहा गोष्टी टिपून घ्याव्यात. कोणाचेही साह्य मागण्यापूर्वी हे टिपण जवळ असावे. त्यावाचून दिलेला सल्ला हा केवळ तर्क असतो.

३. चालते, परंतु संपादनात येत नाही

या वर्गातील प्रमुख कारण एचईव्हीसी हे आहे. २०१७ मध्ये आलेल्या आयओएस ११ पासून त्या काळच्या नव्या आयफोनांवर चित्रीकरण मुळातच या कोडेकमध्ये होऊ लागले. १०८० रेषांच्या, सेकंदास ३० फ्रेमांच्या चित्रीकरणास एच.२६४ मध्ये मिनिटाला सुमारे १३० मेगाबाइट लागत, तेथे एचईव्हीसीला सुमारे ६० पुरतात, असे खुद्द फोनच्या सेटिंगमध्येच नमूद असते. ही बचत लहान नव्हे. तथापि विंडोजवर या कोडेकचे विस्तारक अनेकदा स्वतंत्रपणे घ्यावे लागते, आणि संपादनाच्या कित्येक सॉफ्टवेअरांच्या विनामूल्य व सशुल्क आवृत्त्यांतही याच बाबतीत भेद असतो. क्षेत्रकार्यास निघण्यापूर्वी फोनच्या कॅमेरा-सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ हा पर्याय निवडला, तर ही अडचण उद्भवतच नाही.

दुसरे कारण रुमालाचे. मॅट्रोस्का अर्थात एमकेव्ही या कंटेनरमध्ये एच.२६४ हे परिचित कोडेक असूनही काही संपादन-सॉफ्टवेअरे फाइल नाकारतात. पडद्यावरील व्याख्याने मुद्रित करणाऱ्या ओबीएसमधून आलेल्या पुष्कळशा फाइली या स्वरूपाच्या असतात. मुद्रण मध्येच तुटले तरी मॅट्रोस्कातील तोवरचा भाग वाचता येतो, म्हणून ते स्वरूप तेथे पसंत केले जाते. अशा फाइलीचे पुन्हा आकुंचन करण्याचे काहीच कारण नाही. केवळ बांधणी बदलावी. एफएफएमपेग या साधनात, किंवा ओबीएसच्याच यादीतील ‘रीमक्स’ या सोयीने, चित्र आणि ध्वनी यांचे मूळ प्रवाह जसेच्या तसे उचलून एमपी४ मध्ये ठेवता येतात. एका तासाच्या फाइलीस हे काम बहुधा काही सेकंदांतच होते आणि गुणवत्तेची कणभरही हानी होत नाही.

तिसरे कारण काळाचे. शतकाच्या आरंभीच्या वर्षांत सोरेन्सन, सिनेपॅक अशा कोडेकांमध्ये साठविलेल्या चित्रफिती आजही विभागांच्या कपाटांत सापडतात. क्विकटाइमच्या जुन्या काळातील स्वरूपांचा आधार प्रीमिअर प्रो या सॉफ्टवेअरने २०१८ मध्ये काढून घेतला, आणि मॅकओएस कॅटलिना या २०१९ च्या प्रणालीपासून ॲपलनेही तेच केले. या फाइली बिघडलेल्या नाहीत. त्यांचे वाचक उरले नाहीत. एफएफएमपेग त्यांपैकी बहुसंख्य अजूनही वाचू शकते. ज्या विभागांजवळ अशा फिती आहेत त्यांनी हे काम पुढे ढकलू नये.

आणखी दोन लक्षणे उपयोगी पडतात. केवळ ध्वनी आला आणि चित्र आले नाही, तर चित्राचा कोडेक अपरिचित आहे. चित्र आले आणि ध्वनी आला नाही, तर ध्वनीचा. दुसऱ्या प्रसंगी चित्रास हात न लावता फक्त ध्वनीचे रूपांतर पुरते. आणि कोडेकचा काहीच दोष आढळला नाही, तर फाइलीचे नाव व ठिकाण तपासावे. विंडोजमध्ये फोल्डरांच्या नावांसह संपूर्ण मार्ग २६० अक्षरांपेक्षा लांब झाल्यास अनेक सॉफ्टवेअरे अडतात. देवनागरी नावे काही जुन्या साधनांस पेलत नाहीत. संगणकावरील प्रत आखूड रोमी नावाने, वरच्या पातळीवरील फोल्डरमध्ये ठेवून पाहावी. गावाचे व गायिकेचे नाव टिपणात राहतेच.

४. मुळीच चालत नाही

एमपी४ फाइलीत चित्र-ध्वनीची सामग्री एका खंडात आणि तिची अनुक्रमणिका ‘मूव्ह’ नामक दुसऱ्या खंडात असते. कोणती फ्रेम कोठे सुरू होते हे पूर्ण मुद्रण झाल्यावरच निश्चित कळते. म्हणून ही अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहिली जाते. प्रयोग रंगात असताना बॅटरी संपली किंवा कार्ड अकाली काढले, तर सामग्री कार्डावर असते, परंतु अनुक्रमणिका लिहिलेली नसते. पोथीची सुटी पाने सर्व आहेत, पण पृष्ठांक एकावरही नाही, अशी ही अवस्था.

अशा वेळी त्या कार्डावर पुढे काहीही मुद्रित करू नये. प्रथम संपूर्ण कार्डाची प्रतिमा संगणकावर घ्यावी. कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घालताच काही कॅमेरे स्वतः दुरुस्ती करतात, आणि ती पुष्कळदा यशस्वीही होते. तथापि ती कार्डावरच लिहीत असल्यामुळे आधी प्रतिमा घेतलेली असणे अगत्याचे आहे. ते साधले नाही, तर त्याच कॅमेऱ्याने, त्याच सेटिंगवर मुद्रित केलेली दुसरी निर्दोष चित्रफीत घ्यावी. अनट्रंकसारखी साधने तिची घटना पाहून तुटलेल्या फाइलीची अनुक्रमणिका नव्याने रचतात. म्हणून प्रत्येक क्षेत्रकार्याच्या आरंभी एक मिनिटाची चाचणी-फीत मुद्रित करून ती जतन करावी. तिच्यात काहीच नसले तरी प्रसंगी साऱ्या रात्रीचे मुद्रण तिच्यावर तरते.

लांब मुद्रणात आणखी एक प्रकार संभवतो. एफएटी३२ या रचनेच्या कार्डावर एक फाइल ४ गिगाबाइटहून मोठी होऊ शकत नाही. म्हणून कॅमेरा एकाच प्रयोगाचे तुकडे करतो. २००६ च्या एव्हीसीएचडी पद्धतीत या तुकड्यांचे परस्परसंबंध वेगळ्या फोल्डरांत नोंदलेले असतात. त्यांतून केवळ मोठ्या फाइली निवडून उतरविल्या, तर जोडांवर ध्वनी तुटतो किंवा तुकडे स्वतंत्र फिती म्हणून येतात. यास्तव कार्डावरील संपूर्ण रचना जशीच्या तशी उतरवावी.

५. आले, परंतु खोटे आले

सर्वांत फसवा प्रकार हाच, कारण येथे कोणतीही सूचना मिळत नाही. मोबाइल फोन प्रकाशमानानुसार आणि स्वतःवरील भारानुसार फ्रेमांचा वेग बदलत राहतात. संपादन-सॉफ्टवेअरने तो स्थिर मानला की ध्वनी आणि चित्र हळूहळू अलग होतात. वेगाचे चुकीचे गृहीत किती महागात पडते ते एका हिशेबाने दिसेल. सेकंदास २९.९७ फ्रेमांच्या एका तासाच्या चित्रात सुमारे १,०७,८९२ फ्रेमा असतात. त्या ३० च्या वेगाने लावल्या तर चित्र ३.६ सेकंद आधी संपते. कौटुंबिक समारंभाच्या फितीत हे खपून जाईल. परंतु कीर्तनकाराचा हातवारा कोणत्या शब्दावर आला, ओवीच्या कोणत्या अक्षरावर जात्याचा फेरा पुरा झाला, यांवर जो निष्कर्ष बांधतो त्याचे सर्व मापन अशा फितीत चुकीचे ठरते. मीडियाइन्फोने वेग बदलता दाखविला, तर संपादनापूर्वी स्थिर वेगाची प्रत करून घ्यावी आणि आरंभ, मध्य व अखेर या तिन्ही ठिकाणी ओठ व ध्वनी यांचा मेळ तपासावा.

६. रूपांतर म्हणजे नवी प्रत

जेथे नुसती बांधणी बदलून भागत नाही तेथे रूपांतर करावेच लागते. एच.२६४ व एचईव्हीसी ही पाहण्याच्या सोयीसाठी केलेली आकुंचने आहेत. बहुतेक फ्रेमांत केवळ शेजारच्या फ्रेमांहून असलेला भेद लिहिलेला असतो. त्याच कोडेकमध्ये पुनःपुन्हा रूपांतर केल्यास दर वेळी काही सूक्ष्म तपशील गळतो. म्हणून संपादनासाठी प्रोरेस अथवा डीएनएक्सएचआर यांसारखा मध्यस्थ कोडेक वापरावा; त्यात प्रत्येक फ्रेम स्वयंपूर्ण असते. त्याची किंमत मात्र ओळखून असावे. १०८० रेषांच्या, सेकंदास २५ फ्रेमांच्या प्रोरेस ४२२ ला एका तासास सुमारे ५५ गिगाबाइट लागतात. वर सांगितलेल्या मोबाइलच्या एचईव्हीसी फितीस तेवढ्याच वेळात सुमारे ३.६. फाइल पंधरा पट मोठी झाली म्हणून मुळात नसलेला तपशील तीत येत नाही. पुढील गळती टळते, इतकेच. जुन्या कोडेकांतील फितींच्या दीर्घकालीन जतनासाठी हानिरहित एफएफव्ही१ हा कोडेक मॅट्रोस्काच्या बांधणीत वापरण्याची प्रथा अनेक अभिलेखागारांत रूढ आहे; त्याचे विवरण २०२१ मध्ये खुल्या तांत्रिक दस्तऐवजाच्या रूपाने प्रसिद्ध झाले.

पाठचिकित्सेचे जे नियम हस्तलिखितांस लागू आहेत तेच येथेही लागू आहेत. मोडीवरून बाळबोधीत उतरविलेली प्रत अभ्यासास सोयीची खरी, पण ती मिळाली म्हणून मोडी कागद कोणी जाळीत नाही. रूपांतरित चित्रफीत ही नक्कल आहे. ती कोणत्या मूळ फाइलीवरून, कोणत्या दिवशी, कोणत्या साधनाने, कोणते पर्याय निवडून केली याची चार ओळींची नोंद तिच्याजवळ असावी, आणि मूळ फाइल पडताळा-अंकासह दोन निरनिराळ्या ठिकाणी सुरक्षित असावी. तंतोतंत प्रत झाल्याची खात्री पटेपर्यंत कार्ड पुसू नये.

ज्या वृद्धेने तासभर ओव्या सांगितल्या ती पुढील वर्षी त्या सांगण्यास असेलच असे नाही. तिचा आवाज संगणकाने आज स्वीकारला नाही, तर उद्या दुसऱ्या साधनाने तो ऐकता येईल; मात्र मूळ फाइल आपण तोवर राखली पाहिजे.