कापडाची जडणघडण (लेखांक ९) : खळ, झळाळी आणि आटणं

मागावरून उतरलेलं कोरं कापड धुऊन, ब्लीच होऊन पांढरंशुभ्र कसं होतं, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. पण तेवढ्याने ते दुकानात मांडण्याजोगं होत नाही. त्याला भरीवपणा, चमक आणि मापाचा भरवसा यायचा असतो. गिरणीतल्या या शेवटच्या टप्प्याला फिनिशिंग म्हणतात. त्यातल्या तीन क्रिया आज समजून घेऊ. प्रत्येक क्रियेला एकच प्रश्न विचारायचा: ही सुतात उतरते की नुसती वर बसते?

खळ वर बसते. विणताना ताण्याचे धागे घासून तुटू नयेत म्हणून त्यांना खळ द्यावीच लागते. हातमागावर या कामाला पांजणी म्हणतात, इचलकरंजी-भिवंडीत सायझिंग. विणल्यावर ही खळ एन्झाइमने काढून टाकतात. शेवटी कापड भरदार दिसावं म्हणून पुन्हा स्टार्च देतात. थोडा स्टार्च वावगा नाही, पण विरळ विणीची उणीव झाकायलाही तो वापरला जातो. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धाच्या काळात कापूस महागला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी खळीत चिनी माती घालून कापडाचं वजन वाढवलं. असं कापड हिंदुस्थानातही येई. जहाजातल्या दमट हवेत त्यावर बुरशी चढे आणि धुतल्यावर हाती विरविरीत जाळी उरे.

मर्सरायझिंग मात्र सुताच्या आत उतरतं. लँकेशायरचे रसायनतज्ज्ञ जॉन मर्सर १८४४ मध्ये सुती कापडातून कॉस्टिक सोडा गाळत होते. गाळणीचं कापड आटलं, जाड आणि मजबूत झालं, हे त्यांच्या लक्षात आलं. १८५० मध्ये त्यांनी पेटंट घेतलं, पण कापड फार आटत असल्याने गिरणीवाल्यांना ही क्रिया परवडली नाही. पुढे सुमारे चाळीस वर्षांनी होरेस लो यांनी कापड ताणून धरून तीच क्रिया केली. कापड आटलं नाही आणि त्यावर रेशमासारखी झळाळी आली.

असं का होतं? कापसाचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली पिळलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो. तीव्र कॉस्टिकमध्ये तो फुगतो, पीळ उलगडतो आणि तंतू गोलसर होतो. गुळगुळीत झालेल्या पृष्ठभागावरून प्रकाश एकसारखा परावर्तित होतो. तंतूची अंतर्गत रचनाही बदलते, म्हणून रंग अधिक गडद चढतो आणि ताकद वाढते. ही झळाळी धुतल्याने जात नाही.

तिसरी क्रिया आटण्यावरची. विणताना आणि प्रक्रियेत कापड लांबीच्या दिशेने सतत ताणलेलं असतं. पाणी लागलं की धागे फुगतात, ताण सुटतो आणि कापड आखडतं. अमेरिकेत सॅनफोर्ड क्लुएट यांनी यावर यंत्र शोधलं. जाड, लवचीक पट्टा रुळावरून वळताना त्याचा बाहेरचा पृष्ठभाग ताणला जातो. त्यावर ओलसर कापड टेकवतात. पट्टा सरळ होताना आखडतो आणि कापडालाही लांबीत आखडवतो. जे आटणं पुढे घरी व्हायचं, ते कारखान्यातच उरकतं. सॅनफोराइज्ड कापड त्यानंतर जेमतेम एक टक्का आटतं.

म्हणून खरेदी करताना कडकपणावर भुलू नका. कापड दोन्ही हातांत धरून एकमेकांवर चोळा. पांढरी भुकटी झडली किंवा चोळलेली जागा विरळ दिसू लागली, तर भरीवपणा खळीचा आहे. घरी आणलेल्या कापडाच्या कातरणावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. डाग गर्द निळा झाला तर त्यात स्टार्च आहे. आणि सॅनफोराइज्ड असल्याची खात्री नसेल, तर सुती कापड पाण्यातून काढल्याशिवाय शिंप्याकडे देऊ नका.

पुढील लेखांकात: इस्त्री न लागणारे सुती शर्ट, त्यांतलं रेझिन आणि त्यापायी घटणारी कापडाची ताकद.