कोल्हापूरची सावली, सिडनीची सावली

'दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो' हे वाक्य आपण सर्वांनीच वर्गात कधी ना कधी उच्चारलेले असते. कोल्हापूर जिल्ह्यातील एका शाळेत चौथीच्या मुलांसमोर आम्हीही ते म्हणालो. त्यावर एका मुलीने विचारले, "मग मधल्या सुट्टीत झेंड्याच्या काठीची सावली कशी काय पडते?" आमच्याकडे उत्तर तयार नव्हते. "चला, बघू या," एवढेच आम्ही म्हणालो. हा लेख त्या 'बघू या'तून निघाला आहे.

मुलांच्या प्रश्नापासून सुरुवात करायची, उत्तर सांगण्याऐवजी शोधू द्यायचे आणि शोधताना जगातल्या इतर मुलांशी नाते जोडायचे, अशा शिक्षणाची आज बरीच चर्चा होते. जिनीव्हा येथे १९६८ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेने प्राथमिक वर्गांसाठी असा कार्यक्रम १९९७ मध्ये सुरू केला. त्यामुळे हे काम महागड्या शाळांचे, असा अनेकांचा समज झाला आहे. पण मध्यप्रदेशातील होशंगाबादच्या साध्या सरकारी शाळांमध्ये सहावी ते आठवीची मुले १९७२ पासून प्रयोगांतूनच विज्ञान शिकत होती. साधनांपेक्षा शिक्षकाची तयारी महत्त्वाची असते.

काठी, ओळंबा आणि घड्याळ

प्रयोगाला एक मीटर लांबीची सरळ काठी, दोऱ्याला दगड बांधून केलेला ओळंबा, मोजपट्टी आणि घड्याळ एवढेच लागते. मोकळ्या सपाट जागेत काठी उभी करावी. बारा वाजल्यापासून पाऊण वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी. मुलांना आधी काहीही सांगू नये. सावली आखूड होत जाते, एका क्षणी सर्वांत आखूड होते आणि पुन्हा वाढू लागते, हे त्यांना आपोआप दिसते. ती सर्वांत आखूड सावली म्हणजे त्या गावाची खरी मध्यान्ह.

२२-२३ सप्टेंबरच्या सुमारास कोल्हापुरात ही वेळ साधारण बारा वाजून पंचवीस मिनिटांनी येते आणि सावली भरते सुमारे ३० सेंटिमीटर. म्हणजे घड्याळाचे बारा आणि सूर्याचे बारा वेगळे! शिवाय सूर्य नेमका डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदाच. मेच्या आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. मे महिन्यात शाळेला सुट्टी आणि ऑगस्टमध्ये आभाळ भरलेले. आपले वाक्य चुकीचे आहे हे इतकी वर्षे कोणाच्या ध्यानात का आले नसेल, याचे एक कारण हेही असावे.

खोडरबराचा मोह

आमच्या वर्गात पाच गट होते. चार गटांची सावली ३० सेंटिमीटरच्या आसपास आली. पाचव्या गटाची आली ३४. त्या गटातील मुले शेजारच्या वहीत पाहून ३४ खोडून ३० लिहू लागली. खरे सांगायचे तर आम्हालाही तेच बरे वाटले असते, कारण तास संपत आला होता. पण आम्ही त्यांना परत काठीपाशी नेले. ओळंबा लावल्यावर दिसले की, काठीचे टोक उत्तरेकडे चार सेंटिमीटर झुकले होते. जास्तीचे चार सेंटिमीटर नेमके तिथून आले होते.

त्या दिवशी ती मुले सर्वांत जास्त शिकली. ३४ हे माप खोटे नव्हते. ते वाकड्या काठीचे खरे माप होते. आपण खोडरबर चालवू दिला असता, तर 'गुरुजींना हवे ते उत्तर लिहायचे असते' एवढेच मुलांच्या मनात राहिले असते. मुलांना शोध घ्यायला शिकवायचे म्हणजे आधी हा मोह आपण आवरायचा.

दोन पत्रांचे कोडे

एकाच अंगणात बसून मात्र पुढे जाता येत नाही. दुसऱ्या गावच्या मुलांनी त्याच दिवशी केलेले माप हवे. नागपूरच्या मुलांची सर्वांत आखूड सावली सुमारे ३९ सेंटिमीटर येईल आणि तीही कोल्हापूरच्या १९ मिनिटे आधी. 'आधी का?' याचे उत्तर मुलांना नकाशात शोधू द्यावे.

आता समजा, दोन पत्रे आली. एक श्रीनगरहून, एक ऑस्ट्रेलियातील सिडनीहून. पहिल्यात सावली सुमारे ६८ सेंटिमीटर, दुसऱ्यात सुमारे ६७. दोन्ही शाळा शेजारी-शेजारी आहेत का? मुले बुचकळ्यात पडतात. मग कोणीतरी विचारते, "सावली पडली कुठल्या बाजूला?" श्रीनगरची उत्तरेला, सिडनीची दक्षिणेला! आपला सूर्य दक्षिणेला कललेला असतो, तर त्यांचा उत्तरेला. आपल्याकडे शरद ऋतू लागतो तेव्हा तिकडे वसंत असतो. हे पाठ करून आणि पत्रातून समजून घेण्यात फार अंतर आहे.

आंतरराष्ट्रीय दृष्टी म्हणजे देशोदेशींचे झेंडे रंगवणे किंवा स्नेहसंमेलनात वेगवेगळे पोशाख घालणे एवढेच नव्हे. दूरच्या मुलाने काय पाहिले हे कळल्याशिवाय माझे उत्तर पुरे होत नाही, ही जाणीव म्हणजे खरी आंतरराष्ट्रीय दृष्टी.

पृथ्वीला दोरा

आता कागदावर दहा सेंटिमीटर उंचीची काठी आणि तिच्या पायाशी काटकोनात त्याच प्रमाणात सावली काढावी. टोके जोडून वरचा कोन कोनमापकाने मोजावा. कोल्हापूरचा येतो सुमारे १७ अंश, नागपूरचा २१, श्रीनगरचा ३४. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर दूर असल्याने त्याचे किरण सगळीकडे समांतरच येतात; म्हणून कोनांतला फरक हा जमिनीच्या गोलाईचा फरक असतो.

नकाशावर दोन्ही गावांतून पूर्व-पश्चिम रेषा काढून त्यांच्यामधले दक्षिणोत्तर अंतर मोजावे. कोल्हापूर-नागपूर सुमारे ४९४ किलोमीटर भरते. ४ अंशांना ४९४, तर ३६० अंशांना सुमारे ४४,५००. श्रीनगर घेतले तर १७ अंशांना सुमारे १,९३० किलोमीटर, म्हणजे पूर्ण फेरा सुमारे ४०,९००. पृथ्वीचा खरा परीघ सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. कोनमापकात अर्ध्या अंशाची चूक होणारच. ती ४ अंशांत मोठी ठरते, १७ अंशांत लहान. मित्र जितका दूर, तितके उत्तर खऱ्याच्या जवळ!

हा परीघ हाती आल्यावर सिडनीचा मित्र दक्षिणोत्तर किती दूर आहे, हे मुलेच काढतील. इथे १७ आणि ३४ यांची वजाबाकी करायची की बेरीज, हे मात्र त्यांनाच ठरवू द्यावे.

सुमारे २,२०० वर्षांपूर्वी इजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे इरॅटोस्थेनिसने याच युक्तीने पृथ्वी मोजली. त्याला मिळालेला कोन होता वर्तुळाचा पन्नासावा भाग. त्याची गोष्ट सांगावी, पण शेवटी. म्हणजे तो मुलांना आपल्यातलाच वाटतो.

"नकाशातले अंतर तरी कोणी मोजले?" असे एखादा चुणचुणीत मुलगा विचारीलच. मग त्याला विल्यम लॅम्बटनबद्दल सांगावे. १८०२ साली मद्रासहून त्याने साखळ्यांनी जमीन मोजायला सुरुवात केली आणि हे काम करता करताच १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला.

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, येत्या २१ मार्चला किंवा २३ सप्टेंबरला हा प्रयोग जरूर करून पाहा. ढग आले तर दोन-चार दिवस पुढे ढकलला तरी चालेल. दोन्ही ठिकाणी माप एकाच दिवशी घेतले म्हणजे झाले. गावातल्या कोणाची मावशी, कोणाचा काका परदेशात असतोच. त्यांच्या मुलांच्या शाळेला पत्र पाठवा, फोन करा. आणि वर्गात कोणाची सावली चार सेंटिमीटर जास्त भरली, तर खोडरबर बाजूला ठेवून ओळंबा हातात घ्या.