प्रश्न विचारणाऱ्यांची श्रद्धा

ख्रिस्ती घरात वाढलेल्या मराठी मुलाला दृढीकरणाच्या वर्गापर्यंत पाठ केलेली उत्तरे पुरतात. पुढे कॉलेज सुरू होते, वाचन वाढते, वेगवेगळ्या धर्मांचे मित्र मिळतात, घरात एखादा अकाली मृत्यू होतो आणि ती उत्तरे तोकडी पडू लागतात. देव चांगला आहे, तर माझी आई एवढ्या लवकर का गेली? उत्पत्तीच्या पुस्तकातले सहा दिवस खरे की वर्गात शिकवलेले विज्ञान खरे? येशू मेलेल्यांतून उठला, हे कशावरून? माझी हिंदू मैत्रीण तारणाला मुकणार का? आपला धर्म परक्यांचा का? आणि ख्रिस्तात सगळे एक असतील, तर लग्न ठरवताना जात कुठून येते?

वसईच्या धर्मग्रामांत आणि अहिल्यानगरच्या मंडळ्यांमध्ये थोड्याफार फरकाने हेच प्रश्न ऐकू येतात. त्यांवर बरेचदा मिळणारे उत्तर असे : असले प्रश्न विचारू नयेत, विश्वास ठेवावा. उत्तर देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण परिणाम वाईट होतो. मूल वाद घालत नाही. ते हळूहळू मिस्सेला किंवा उपासनेला येणे थांबवते. प्रश्न दाबल्याने श्रद्धा वाचते, ही समजूत आपल्याच इतिहासाने खोटी ठरवली आहे. मराठी ख्रिस्ती परंपरेतली मोठी माणसे बहुतेक सगळी प्रश्न विचारणारी होती.

शंकेची जुनी परंपरा

मराठीतला पहिला मोठा ख्रिस्ती ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. १६१६ साली गोव्यातल्या राचोल येथे ते छापले गेले. देवनागरीचे खिळे उपलब्ध नसल्याने लिपी रोमन होती, भाषा मात्र मराठी आणि छंद ओवीचा. या ग्रंथाच्या मुळाशीच एक प्रश्न आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग आता आम्ही वाचायचे काय? त्याला उत्तर म्हणून सुमारे अकरा हजार ओव्या उभ्या राहिल्या. निरूपण चालू असताना श्रोते मधेच शंका काढतात आणि पाद्री त्यांचे समाधान करू पाहतो. ज्या गोव्यात १५६० पासून धर्मसमीक्षण सभेचा, म्हणजे इन्क्विझिशनचा, धाक होता, तिथल्या ग्रंथानेही शंकेला जागा ठेवली, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

एकोणिसाव्या शतकात नीळकंठशास्त्री गोरे काशीत राहत होते. ख्रिस्ती धर्माची बाजू मांडणाऱ्या जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षा’ या संस्कृत ग्रंथाचे खंडन करण्यासाठी त्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ लिहिला. खंडनासाठी अभ्यास करता करता हा पंडित १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोरे झाला. बाप्तिस्म्यानंतरही शंकांनी त्यांना सोडले नाही. जन्मभर त्या सोबत राहिल्या आणि त्यांच्यासकट ते सेवा करत राहिले. श्रद्धा म्हणजे शंकेचा पूर्ण अभाव, असे मानणाऱ्याने हे चरित्र जरूर पाहावे.

पंडिता रमाबाईंच्या मनावर याच गोऱ्यांच्या लेखनाचा परिणाम झाला. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या पंचविशीत होत्या. त्यानंतरच्या काळात वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांनी केलेला पत्रव्यवहार आजच्या प्रत्येक ख्रिस्ती तरुणाने वाचावा असा आहे. त्रैक्याचा सिद्धान्त आपल्या बुद्धीला पटत नाही, हे रमाबाई निःसंकोच लिहितात. चर्चच्या अधिकाऱ्यांनी सांगितले म्हणून मान डोलवायला त्या तयार नाहीत. आपल्या लहानग्या मुलीला, मनोरमेला, धर्माचे काय शिकवावे, यावरूनही सिस्टरशी त्यांचे खटके उडाले. सिस्टर जेराल्डीन यांना हा हट्ट वाटे, तर बीलबाई तर्काला तर्काने उत्तर देत आणि त्यांना विचार करायला अवकाश देत. पुढे याच रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशन उभारले आणि मूळ हिब्रू व ग्रीक शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणले. शंका घेणाऱ्या स्त्रीने केलेले हे काम निमूटपणे मानणाऱ्या कित्येकांच्या हातून झाले नसते.

लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण तर घरातलेच वाटावे. १८९५ मध्ये त्यांचे पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाई त्यांच्यामागे गेल्या नाहीत. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. सोवळेओवळे आणि जातपात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी सोडवला, आणि मगच १९०० साली बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचताना जाणवते, की नवऱ्याच्या युक्तिवादांपेक्षा त्यांच्या स्वतःच्या विवेकाने दिलेले उत्तर टिकले.

दुःखाचा प्रश्न

सगळ्यांत अवघड प्रश्न दुःखाचा. आपल्याकडे त्याचे एक तयार उत्तर हवेतच असते : केलेल्या पापाचे फळ. ख्रिस्ती घरांतही ते शिरले आहे. येशूने मात्र ते स्पष्टपणे नाकारले. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य विचारतात, की पाप याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय फेटाळतो. लूकच्या शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज कोसळून मेलेली अठरा माणसे इतरांपेक्षा अधिक पापी नव्हती, असे तो बजावतो. ईयोबाच्या ग्रंथात दुःखाचे शास्त्र सांगणारे मित्र शेवटी देवाच्या रोषाला पात्र ठरतात आणि देवाशी भांडणारा ईयोब खरे बोलला, असा निर्वाळा मिळतो.

म्हणजे आई गमावलेल्या मुलीला ‘देवाची इच्छा’ म्हणून गप्प करण्याचा अधिकार बायबल कोणालाही देत नाही. दुःख का, याचे पूर्ण उत्तर ख्रिस्ती धर्माकडे नाही आणि तसे सांगण्यात कमीपणा नाही. धर्म जे सांगतो ते वेगळे आहे : क्रुसावर देव स्वतः त्या दुःखात उतरला आणि देवाने आपल्याला का टाकले, हा आक्रोश येशूच्याही ओठी आला. ज्या मुलीला देवाचा राग येतो, तिने तो प्रार्थनेत बोलून दाखवावा. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रे अशाच तक्रारींची आहेत.

विज्ञान आणि पुनरुत्थान

विज्ञानाच्या प्रश्नाला उत्तर देताना आधी चूक मान्य करायला हवी. १६३३ मध्ये चर्चने गॅलिलिओला दोषी ठरवले. त्या प्रकरणात चर्चकडून चूक झाल्याची स्पष्ट कबुली पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ मध्ये दिली. मग दुसरी बाजूही सांगावी. वाटाण्याच्या रोपांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा ग्रेगोर मेंडेल मठवासी होता. विश्व प्रसरण पावते आहे, असे १९२७ मध्ये मांडणारा आणि पुढे ज्याला महास्फोट म्हटले गेले त्या कल्पनेची पायाभरणी करणारा जॉर्ज लमेत्र बेल्जियमचा कॅथलिक धर्मगुरू होता. आपल्या विज्ञानाचा वापर बायबल सिद्ध करण्यासाठी होऊ नये, असेही त्याचे मत होते.

उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांत निर्मितीचे दोन वृत्तान्त आहेत आणि त्यांतला क्रम जुळत नाही. संकलकांनी दोन्ही शेजारी ठेवले, कारण त्यांना घटनांचे टिपण करायचे नव्हते. जग कोणाचे आणि माणसाची योग्यता काय, हे सांगायचे होते. चौथ्या-पाचव्या शतकातल्या संत ऑगस्टीननेही निसर्गज्ञानाच्या बाबतीत ख्रिस्ती माणसाने अज्ञानाने बोलून धर्माचे हसे करू नये, असे बजावले होते. काही मंडळ्या आजही सहा दिवस शब्दशः मानतात. त्यांच्या मुलांना हा मतभेद ठाऊक असू द्यावा, म्हणजे जीवशास्त्र आणि येशू यांतून एकाची निवड करण्याची पाळी त्यांच्यावर येणार नाही.

पुनरुत्थान मात्र रूपक म्हणून सोडवता येत नाही. ते झाले नसेल तर आपला विश्वास व्यर्थ आहे, असे पौलानेच मानले आहे. येशूला पिलाताच्या कारकिर्दीत मृत्युदंड झाला, हे टॅसिटस या रोमन इतिहासकारानेही नोंदवले आहे. करिंथकरांना लिहिलेले पौलाचे पहिले पत्र त्या घटनेनंतर सुमारे पंचवीस वर्षांत लिहिले गेले आणि त्यात दर्शन झालेल्यांची यादी आहे. शुभवर्तमानांत पहिल्या साक्षीदार स्त्रिया आहेत. त्या काळी स्त्रीच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती. कथा रचणाऱ्याने असे साक्षीदार निवडले नसते. इतिहास इथवर आणून सोडतो, पुढचे पाऊल विश्वासाचे. ते टाकायला वेळ घेणाऱ्या थोमाला येशूने शिष्यमंडळातून काढले नाही, उलट जखमा दाखवल्या.

शेजारचा धर्म, आपली जात

हिंदू मैत्रिणीबद्दलच्या प्रश्नाला कॅथलिक चर्चने १९६४-६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत उत्तर दिले. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, आणि ज्यांना ख्रिस्त कळलाच नाही पण जे प्रामाणिकपणे देवाचा शोध घेतात त्यांनाही तारण मिळू शकते, अशी ती भूमिका आहे. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांचे मत अधिक कडक आहे. तरुणाला दोन्ही बाजू सांगाव्यात आणि एवढे नक्की सांगावे, की कोणाच्याही अंतिम न्यायाचा अधिकार आपल्याकडे नाही.

परकेपणाच्या आरोपाचे उत्तर नारायण वामन टिळकांनी आयुष्याने दिले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे ते सांगत. १९१७ मध्ये त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ स्थापला आणि बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा दिली. आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ लिहिले, हरित वसईसाठी लढा दिला आणि २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. मराठी असणे आणि ख्रिस्ती असणे यांत त्यांना कधी निवड करावी लागली नाही.

जातीच्या प्रश्नाला मात्र उत्तर नाही, कबुली आहे. धर्मांतराने जात गेली नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या यादीबाहेर राहिले. पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात स्थान मिळाले, ख्रिस्ती दलितांना नाही. शासनाचा हा अन्याय आहेच. पण चर्चच्या आतला भेदही तितकाच खरा आहे. भारताच्या कॅथलिक बिशप परिषदेने २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना चर्चमधल्या जातिभेदाची उघड कबुली दिली. लग्नाच्या बैठकीत जात विचारणाऱ्या बापाने मुलाला समतेची वचने शिकवू नयेत. मुलगा वचनांवरचा नाही, बापावरचा विश्वास गमावतो आणि मग दोन्ही हातचे जातात.

आता काय करावे

२०११ मध्ये ‘यूकॅट’ हा तरुणांसाठीचा कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ आला, त्यात ५२७ प्रश्नोत्तरे आहेत. पुस्तक उपयोगी आहे. पण कोणतेही छापील उत्तर समोर बसून ऐकणाऱ्या माणसाची जागा घेऊ शकत नाही. फादर, पाळक आणि धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या शिक्षकांना विनंती अशी, की वर्गाचा काही वेळ फक्त मुलांच्या प्रश्नांसाठी ठेवा. उत्तर माहीत नसेल तर तसे सांगा, अभ्यास करा आणि पुढच्या आठवड्यात परत बोला. प्रश्न विचारणाऱ्याची तक्रार घरी करू नका. आईवडिलांनो, शंका घेणारे मूल बिघडलेले नसते. ते धर्म गंभीरपणे घेत असते.

आणि तरुण मित्रमैत्रिणींनो, प्रश्न घेऊन बाहेर पडण्याआधी ते आतल्यांना विचारा, मोठ्याने विचारा, आणि मिळालेले उत्तर पटले नाही तर पुन्हा विचारा. रमाबाईंनी आणि लक्ष्मीबाईंनी हेच केले आणि त्यांनीच आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाला सर्वाधिक दिले.